डाव्या हाताचा सा

पियानो म्हटलं की तुम्हाला काय दिसतं? मला तर जुन्या हिंदी सिनेमातली ती पार्टीच दिसते. गोल जिना, सूटबूट घातलेला दुःखी हीरो, त्याच्यापुढे चकचकीत पियानो आणि गाण्याचा खरा अर्थ एकटीलाच कळलेली, कोपऱ्यात उभी हिरॉईन. पुण्यात राहायला आल्यावर त्यात आणखी एक चित्र जमा झालं. शनिवारी सकाळी लेकीला पियानो क्लासला सोडून बाहेर गाडीतच लॅपटॉप उघडून बसलेली माझी मैत्रीण. लेक ग्रेड टूला आहे, आई अप्रेझलला.

वाशीममध्ये मात्र मी आजवर एकही पियानो पाहिलेला नाही. वाशीम म्हणजे माझं गाव. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन जिल्हा झालेला. त्याआधी, म्हणजे बऱ्याच आधी, हे वत्सगुल्म होतं, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. (हे आम्ही वाशीमकर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. आता तुम्हालाही सांगून झालं!) तर इथे पियानो नसला तरी त्याच्या पट्ट्या घरोघरी आहेत. सात पांढऱ्या, पाच काळ्या, पुन्हा सात पांढऱ्या. भजनी मंडळाच्या पेटीवर आहेत आणि वाढदिवसाला मिळालेल्या कीबोर्डवरही आहेत. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्याला 'कॅसिओ'च म्हणतात.

असाच एक कॅसिओ माझ्या भाचीच्या पलंगाखाली, टॉवेलात गुंडाळून ठेवलेला होता. वय वर्षं नऊ. वर्षभर ती पेटी-कीबोर्डच्या एका क्लासला जात होती. एका खोलीत पंचवीस पोरं, सगळ्यांचा सा पांढरी एक, सगळ्यांना तेच अलंकार आणि त्याच महिन्यात तेच पान. एक दिवस तिने घरी येऊन डिक्लेअर केलं, "मावशी, मले नाही वाजवाचं आता."

"काहून?"

"माहा हात चुकीचा आहे म्हणे."

पोरगी डावखुरी आहे. लिहिते डाव्या हाताने, चेंडू फेकते डाव्या हाताने, पोळीही डाव्या हाताने खायला जायची, ती सवय आमच्या आईने मोडली. पेटीवर उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर, ही रीत. तिचा डावा हात आपोआप पट्ट्यांवर जायचा आणि चारचौघांत त्या हातावर फूटपट्टी बसायची. फार जोरात नाही, पण नऊ वर्षांच्या मुलीला जोर मोजता येत नाही. तिला एवढंच कळलं की आपल्या शरीराचा एक भाग चुकीचा आहे.

ताईचं टेन्शन वेगळं होतं. संगीताच्या ठरावीक परीक्षा पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात. ताई बँकेत आहे, ती असं लांबचं बघते. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, मग प्रवेशिका पूर्ण... तिने तर कोणत्या वर्षी कोणती परीक्षा याचा तक्ताही केला होता. तिला हसू नका. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीताला शाळा, इयत्ता, परीक्षा अशी चौकट मिळाली. साध्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलींना गाणं शिकायला बिनदिक्कत पाठवता यायला लागलं, त्यात या चौकटीचा मोठा वाटा आहे. परीक्षेशी माझं भांडण नाही. पोरगी पंचवीस जणांच्या बॅचच्या वेगाने धावली पाहिजे, याच्याशी आहे.

मग कुणीतरी एका काकूंचं नाव सांगितलं. रिटायर्ड शाळामास्तरीण. स्वतः भजनात पेटी शिकलेल्या, पियानोची ओळख निवृत्तीनंतर मोबाइलवर व्हिडिओ बघून झालेली. ओसरीत एक साडेतीन सप्तकांची जुनी पेटी, दोन कीबोर्ड आणि एका वेळी तीनच मुलं. मी तेव्हा वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली महिनाभर गावी होते, म्हणून सोडण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी गाडीत बसून लॅपटॉप उघडला नाही, कारण गाडीच नव्हती. ओसरीच्या पायरीवर बसून बघत राहिले.

पहिल्या दिवशी काकूंनी अलंकार काढलाच नाही. भाचीला म्हणाल्या, "तुह्या हातांना इथं कोणी रागावणार नाही. डावा पट्ट्यांवर ठेव, उजव्यानं भाता हलव. बस." एवढंच. पेटी तीच, पट्ट्या त्याच, फक्त हातांनी जागा बदलल्या.

मग काकू म्हणाल्या, "काळं वावर आपलं. पांढरं दुसऱ्याचं. दुसऱ्याच्या वावरात पाय टाकाचा नाही." वाशीमसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात पोरांना काळं वावर म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. पोरगी काळ्या पट्ट्यांवर चालायला लागली. काळी तीन, चार, पाच, मग वरची एक, दोन. पायरीवर बसल्या बसल्या मी चमकले, हा तर भूप! काळी तीनला सा धरला की पाच काळ्या पट्ट्यांवर सा, रे, ग, प, ध बरोबर बसतात. मध्यम नाही, निषाद नाही, त्यामुळे बेसूर व्हायची सोयच नाही. शिवाय काळ्या पट्ट्या उंच असतात आणि दोन-तीनच्या झुबक्यांत असतात, न बघताही बोटांना सापडतात. जगभरचे पियानो शिक्षकही लहान मुलांना पुष्कळदा काळ्या पट्ट्यांवरूनच सुरुवात करून देतात. काकूंना हे ठाऊक होतं का, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या मुलाला काळं वावर नव्हतं. तो मंगरुळपीरजवळच्या तांड्यावरचा, शाळेसाठी मामाकडे राहणारा. कानावर पडलेलं काहीही वाजवायचा, पण 'ग कुठला?' विचारलं की गप्प. त्याला काकूंनी दोन महिने एकाही सुराचं नाव सांगितलं नव्हतं. तो तीजेची गाणी वाजवायचा आणि त्याने नेमकं काय वाजवलं, ते काकू त्याच्या वहीत लिहून ठेवायच्या. पुढे त्यातूनच तो नावं वाचायला शिकला. तिसरी मुलगी गणितात हुशार, तिला सगळे पलटे आकड्यांत मांडून हवे असायचे. मग तिच्या वहीत आकडे.

प्रत्येकाची वही वेगळी, हा काकूंचा फंडा. शंभर पानी, भुऱ्या कव्हरची.

या वह्या बघून मला बाख आठवला. मास कॉमच्या दिवसांत पाश्चात्त्य संगीतावर एक असाइनमेंट केली होती, तेव्हाचं वाचन असं अचानक कामाला येतं. योहान सेबास्टियन बाखने २२ जानेवारी १७२० ला एक वही सुरू केली, थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमानसाठी. मुलगा नऊ वर्षांचा. सुरुवातीला सुरांची ओळख, अलंकरणाच्या खुणा, मग कुठलं बोट कुठे ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेला एक छोटा तुकडा. आज जगभरचे विद्यार्थी घाम गाळून जी 'इन्व्हेन्शन्स' वाजवतात, त्यांची पहिली रूपं याच वहीत आहेत. एका पोराच्या होमवर्कची वही! शूमानचंही तेच. १८४८ मध्ये थोरल्या लेकीच्या, मारीच्या सातव्या वाढदिवसासाठी त्याने काही छोट्या रचना केल्या आणि त्या वाढत वाढत ४३ रचनांचा 'आल्बम' झाला.

आणि बार्टोक तर आपल्या काकूंच्या अगदी जवळचा. हा हंगेरियन गृहस्थ १९०५-०६ पासून खेड्यापाड्यांत फिरून शेतकऱ्यांची गाणी गोळा करत होता. त्यातल्याच हंगेरियन आणि स्लोव्हाक गाण्यांवर त्याने १९०८-०९ मध्ये मुलांसाठी ऐंशीच्या वर छोट्या रचना केल्या. त्यात एकही सप्तकभर ताणायला लावणारी जागा ठेवली नाही, कारण लहान हात तेवढा पसरत नाही. पुढे 'मिक्रोकॉसमॉस'चे सहा भाग झाले, १५३ रचना. त्यातले पहिले दोन भाग मुलगा पीटरला अर्पण आहेत.

हाताचाच विषय निघालाय म्हणून आणखी एक. पॉल विटगेनश्टाइन या पियानोवादकाचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. त्याने मोठमोठ्या संगीतकारांकडून फक्त डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या. राव्हेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्टो त्यातलाच, १९३२ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला. आख्खा ऑर्केस्ट्रा आणि समोर एक डावा हात. भाचीला मी मोबाइलवर याचा व्हिडिओ दाखवला. तिने तो तीनदा पाहिला, वादकाच्या चेहऱ्याकडे एकदाही न बघता.

तर बार्टोककडे त्याची खेडी होती. आमच्याकडे भुलाबाई आहे. पुण्याच्या भोंडल्याची ही वऱ्हाडी बहीण. भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली गाणी म्हणतात. शेवटी डबा कानाशी हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. काकूंनी ते दोन्ही उचललं. भाचीला पाठ असलेलं गाणं तिलाच पट्ट्यांवर शोधायला लावलं. त्यासाठी अर्थात पांढऱ्या वावरात जायची परवानगी मिळाली. आणि खाऊऐवजी सूर. पोरांनी पाठ करून बसायचं, काकू एक पट्टी दाबणार. ओळखलं तर फुटाणे, नाही ओळखलं तर दुसऱ्यांनी त्याच्या वाटचे फुटाणे खायचे. पंधरा दिवसांत या पोरट्यांचे कान असे तयार झाले की गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा सूर कुठला, यावर त्यांचं भांडण लागलं.

सगळं गोडगोड मात्र नाही. एका वेळी तीनच मुलं घेतल्यावर काकूंच्या हातात पैसे किती येणार? पेन्शन आहे म्हणून चाललंय. एखादी पंचविशीतली मुलगी हेच पोटापाण्यासाठी करायला निघाली तर तिला मोठी बॅचच करावी लागेल, आणि मग तेच पान, तोच महिना. पुण्यातली माझी मैत्रीण याच लक्षासाठी एका तासाचे जेवढे मोजते, तेवढ्यात काकूंकडे दोन महिने निघतात. पर्सनलाइज्ड हा शब्द आपण जिम डाएटपासून कॉफीच्या मगापर्यंत सगळीकडे चिकटवतो, पण या कामात तो खरोखर कुणाच्या तरी संध्याकाळींनी भरावा लागतो. शिवाय काकूंचे गुडघे दुखतात. पुढच्या वर्षी किती मुलं घेणार, ते त्यांनाच माहीत नाही.

कोजागरीला गच्चीवर दूध आटत होतं तेव्हा भाचीने कॅसिओ वर नेला. डाव्या हाताने गाणं, उजव्या हाताने जमेल तसा नुसता सा. बायका गायला लागल्या आणि दुसऱ्याच ओळीला शेजारच्या आजी ओरडल्या, "अवं, लय वर धरलं, खाली घे ना!" पोरगी थांबली. दोन पट्ट्या दाबून बघितल्या, सा खाली सरकवला आणि पुन्हा सुरू झाली. तीन जागी अडखळली. ताई दूध ढवळायचं विसरली आणि ते तळाला लागलं.

परीक्षेचा फॉर्म सध्या ताईच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. भाची म्हणते, पुढच्या वर्षी बघू. ताई म्हणते, याच वर्षी. भाऊजी मध्ये पडत नाहीत. परवा मला फोनवर एवढंच म्हणाले, "तू पत्रकार आहेस ना? विचारून ठेव एकदा, तिथं डाव्या हातानं चालते का म्हणून."