पाटीबाहेरची यादी

उत्तर दिशा. वैनगंगा इकडे बहुतेक दक्षिणेला वाहते, गडचिरोलीतल्या मार्कंड्याला मात्र वळून उत्तरवाहिनी होते. सकाळी देवळाजवळ सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की धार डाव्या हाताला जाते. दिशा कळायला पाच वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. महाशिवरात्रीच्या जत्रेत एखादा आजा नातवाला हे अजून दाखवत असेल. एरवी काठ मोकळा. वर पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण, इकडे चामोर्शी तालुक्यातच चिचडोहचा बॅरेज. दारं कधी उघडतील हे नदीकडे बघून कळत नाही, म्हणून आया पोरांना पाण्याकडे सोडत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

रेतीतला झिरा. उन्हाळ्यात उघड्या पात्रात कोपरभर खड्डा करायचा, गढूळ पाणी दोन-तीनदा उपसून फेकायचं, मग येतं ते नितळ. नदी आटली तरी खालून चालू असते, हे त्या खड्ड्यात कळायचं. आता रेतीवर ट्रॅक्टर आधी पोचतो.

मरळीची पिल्लं. पाण्यावर तांबूस थवा दिसला की खाली आईबाप राखणीला आहेत, हे ढिवराच्या पोराला कुणी वेगळं शिकवत नसे.

मोह. याला जागा जास्त द्यावी लागेल. मार्च-एप्रिलात झाडाची पानं गळालेली असतात आणि पहाटेपासून फुलं टपटपू लागतात. वेचायला कंबर वाकवावी लागते. लहान पोराची कंबर मुळातच जमिनीजवळ, म्हणून त्याची टोपली आजीच्या आधी भरायची. तिथं गणित होतं: किती टोपल्या ओल्या, वाळून किती उरल्या. कायदा होता: हे झाड आपलं, ते काकाचं, त्याखालचं एक फूलही उचलायचं नाही. अस्वलाच्या विष्ठेवरून ते रात्री येऊन गेलं का, हे ओळखणं होतं, कारण अस्वलालाही मोहच हवा असतो. एखाद्या झाडाचं फूल जास्त गोड, ते खाऊनच ठरायचं. आता चंद्रपूर-गडचिरोलीत मोह-तेंदूच्या दिवसांत वाघानं माणूस नेल्याची बातमी येतेच. बाया जथ्यानं जातात, पोरं घरी.

सात्या. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी ही अळंबी. खायची कोणती आणि हात लावायचा नाही ती कोणती, हे चित्र दाखवून शिकवता येत नाही. दांडा वारुळात किती खोल गेला आहे ते बोटांनी उकरून पाहावं लागतं. हे जाणणारी म्हातारी गेली की त्या घरापुरतं ते ज्ञान संपतं. मग सात्या बाजारातून येतात, निवडलेल्या.

चार, टेंभरं, वास्ते: चव राहिली, झाडापर्यंतची वाट गेली.

वाट म्हटलं की रस्ताही. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आष्टी–आलापल्ली रस्त्यावर धावू लागल्यापासून पायी शाळेला जाणं हे काळजीचं काम झालंय. वाटेतलं वारूळ, सुगरणीचं घरटं, बांधीच्या धुऱ्यावरचं खेकड्याचं बीळ, सगळं ऑटोच्या खिडकीतून मागे पडतं.

गुराखी पोर. हे नाव यादीतून खोडताना मला वाईट वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलानं दिवसभर दुसऱ्याची गुरं राखावी, यात काव्य शोधणारे स्वतः कधी राखायला गेलेले नसतात. खंत आहे ती कुरणशाळेची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं चारणारी आदिवासी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. गारगोट्या, पानं, बिया हेच साहित्य. गुराखीपण सुटल्यावरही ती शाळा चालवता आली असती. डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकापासून जंगलातल्या बालवाड्या आहेत, पुण्या-मुंबईत चिखलात खेळायची फी पडते, आणि येनाच्या झाडाला टेकलेल्या अंगणवाडीत भिंतीवर जिराफ असतो.

राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायकांकडून झाडांबद्दल ऐकलेलं ‘गोईण’मध्ये लिहून ठेवलं. पोरांना काय ठाऊक होतं, ते कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. बहुधा ते सांगण्याजोगं कुणाला वाटलंच नसेल, पोरांना तर मुळीच नाही.

शेवटची नोंद वेळापत्रकाची. २०२५मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवल्या. पुस्तकाच्या दृष्टीनं ते ठीकच असेल. पण मोह तोवर पडून संपतो, आणि उरतो तो मे महिना, तेंदूपत्त्याचा. पुड्याला सत्तर पानं बांधायला तेवढं मोजता यावं लागतं. ते पोरांना येतं, शाळेतून आलं की तेंदू गोळा होतो त्या फळीवरून, हे कुणी तपासत नाही.