सुताराचे अंगण

घरात सुतारकाम निघाले की पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांची थोडी निराशाच होते. प्लायवूड येऊन पडलेले असते. सनमायकाचा रंग ठरलेला असतो. कपाट कसे हवे, यावरून नवरा-बायकोचे दोनदा वाजून शेवटी तडजोडही झालेली असते. आता मिस्त्री येणार आणि धडाक्यात काम सुरू करणार, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मिस्त्री येतो खरा, पण पिशवी भिंतीशी ठेवतो आणि नुसताच घरभर फिरतो. उजेड कुठून येतो ते पाहतो, प्लग कुठे आहे ते विचारतो. ''भाभी, ही सेटी जरा सरकवू का?'' म्हणतो. मग उरल्यासुरल्या पट्ट्या जोडून दोन घोड्या ठोकतो, त्यावर आठ बाय चारची प्लायची एक शीट टाकतो आणि दोन्ही हातांनी दाबून ती डुगडुगते का ते पाहतो. यात अर्धा दिवस जातो.

घरमालक मनात म्हणतो, 'मजुरी कपाटाची ठरली आहे. हा टेबल कसले करत बसला?'

पण तो टेबल करत नसतो. तो आपले अंगण सारवून घेत असतो.

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण कामचुकार माणसाला ऐकवतो. तिच्यातली गंमत खरी आहे. मात्र अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते, ही गोष्ट त्या म्हणीच्या नादात आपण विसरतो. सुताराचे अंगण म्हणजे ज्यावर तो लाकूड ठेवतो, धरतो, कापतो आणि तासतो ती जागा. इंग्रजी शिकलेले तिला वर्कबेंच म्हणतात. कोणी बाक म्हणते, कोणी ठोकळा, तर कोणाच्या नशिबी नुसती फरशी असते.

या बाकाचे काम तसे साधे, पण अवघड. एखाद्या हलक्या टेबलावर फळी ठेवून रंधा मारून पाहावा. रंधा पुढे जातो, फळीही पुढे जाते आणि दोन-चार हात मारल्यावर टेबलही चालू लागते! म्हणून बाक जड हवा. त्याचा माथा सपाट हवा, नाही तर त्यावर जुळवलेली चौकट वाकडीच जुळणार. आणि लाकूड घट्ट धरायला त्याला काहीतरी हवे. मग तो लोखंडी वाइस असो, नाही तर फळी सरकू नये म्हणून ठोकलेली एक साधी पट्टी.

आपल्याकडे हे सारे काम पिढ्यान् पिढ्या जमिनीने आणि पायांनी केले. गावच्या सुताराकडे बाभळीचा एक ओंडका असे, वाकस, पटाशी, करवत आणि रंधा असे. तो मांडी घालून किंवा उकिडवा बसे आणि पायाच्या तळव्यांत, बोटांत लाकूड असे पकडून ठेवी की कुठल्याही शिकंजाने हेवा करावा. नांगर, कुळव, बैलगाडीची चाके अशीच घडली. बलुतेदारीत वर्षाकाठी मिळणाऱ्या धान्यावर तो गावाची अवजारे दुरुस्त करून देई. आजही सहारनपूरचे शिसवीवरचे नक्षीकाम असो की काश्मीरमधले अक्रोडाच्या लाकडावरचे कोरीवकाम, तिथले कितीतरी कारागीर जमिनीवर बसूनच काम करताना दिसतात.

यात मागासलेपणा शोधण्याचे कारण नाही. जपानचे सुतार जगात नावाजलेले आहेत. तेही परंपरेने जमिनीलगत काम करत आले आहेत. त्यांची करवत आणि रंधा ही दोन्ही हत्यारे पुढे ढकलायची नसतात, स्वतःकडे ओढायची असतात. जमिनीचे गुणही काही कमी नाहीत. जमीन डुगडुगत नाही, भाडे मागत नाही आणि कामाच्या गावी बरोबर न्यावी लागत नाही. आज या दारी तर उद्या त्या दारी काम करणाऱ्याला याहून सोयीचा बाक कुठे मिळणार?

युरोपातसुद्धा सुतार सुरुवातीपासून आजच्यासारखे उभेच होते, असे नाही. जर्मनीत झालबुर्ग येथे रोमन लोकांचा एक किल्ला आहे. तिथल्या विहिरीत सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा सुतारी बाक सापडला. तो बुटका आहे. त्यावर बसून नाही तर गुडघ्याने लाकूड दाबून काम करावे, असा. पुढे बाक उंच होत गेले, जाड होत गेले. आंद्रे रुबो या फ्रेंच सुताराने १७६९ पासून सुतारकामावर एक मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यात त्याने बाकाचा माथा पाच ते सहा इंच जाडीचा असावा, असे सांगितले आहे. सहा इंच जाडीची अखंड फळी! जगभरचे हौशी सुतार अजूनही त्या बाकाचे चित्र पाहून उसासे टाकतात.

हौशी सुताराची जात जगात सगळीकडे सारखीच. आपल्याकडेही एखाद्या सोसायटीत असे काका असतात. आयुष्यभर फायली हाताळल्या, आता निवृत्तीनंतर त्यांना लाकूड हाताळायचे असते. हत्यारे एकेक करून जमलेली असतात. नसते ती फक्त जागा. बाल्कनीत कपडे वाळत असतात, गॅलरीत तुळस असते. मग दुपारी घर झोपले की काका जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरतात, कडेला क्लॅम्प आवळतात आणि हळूच करवत चालवू लागतात. संध्याकाळी काकू टेबल पुसताना थांबतात.

''अहो, हे काय झालं इथे?''

''कुठे काय? आधीपासूनच होतं ते.''

''आधीपासून? अगदी करवतीच्या पात्याएवढं?''

अशा संवादांनी खचून न जाता काका एका वहीत आपला स्वप्नातला बाक काढत असतात. सागवानी पाय, एका टोकाला वाइस, खाली हत्यारांसाठी दोन खण. वही भरत जाते. बाक मात्र वहीतून बाहेर येत नाही.

काकांना धीर देणारी एक गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला रॉन हिकमन हा इंग्लंडमध्ये मोटारींचा रचनाकार होता. लोटस एलान ही नावाजलेली मोटार त्याचीच. १९६१ साली घरासाठी कपाट करताना त्याने लाकूड एका चांगल्या खुर्चीवर टेकवले आणि लाकडाबरोबर खुर्चीही कापली! दुसरा कोणी असता तर खुर्ची लपवायला धावला असता. हिकमनने मात्र घडी घालता येईल, लाकूड दोन फळ्यांमध्ये पकडून धरील आणि वेळ पडल्यास त्यावर उभेही राहता येईल असा छोटा बाक तयार केला. अनेक कंपन्यांनी तो नाकारला. अखेर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक अँड डेकर कंपनीने 'वर्कमेट' या नावाने तो बाजारात आणला आणि पुढे तो कोट्यवधी घरांत पोहोचला. सहा इंची फळीचे स्वप्न ज्यांना परवडत नव्हते, अशांची सोय एका कापलेल्या खुर्चीने करून दिली.

बाकावाचूनही सुतार घडतो, हे दाखवणारे आणखी एक आयुष्य आहे आणि त्याचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. जॉर्ज नाकाशिमा हा अमेरिकेत जन्मलेला जपानी वंशाचा वास्तुशिल्पी. १९३७ च्या सुमारास तो पाँडिचेरीला आला. अरविंदाश्रमाच्या गोलकोंड या इमारतीच्या कामावर देखरेख करता करता तो आश्रमवासीच झाला आणि श्री अरविंदांनी त्याला 'सुंदरानंद' हे नाव दिले. पुढे तो अमेरिकेला परतला. १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, तिथल्या सरकारने हजारो जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबले. नाकाशिमा, त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी यांची रवानगी आयडाहोच्या ओसाड माळावरच्या मिनिडोका छावणीत झाली. तिथे त्याला जपानी पद्धतीचे सुतारकाम जाणणारा एक कारागीर भेटला. टाकाऊ लाकूड आणि माळावरची झुडपे यांवर हात चालवत तो त्याच्याकडून शिकला. सुटकेनंतर पेनसिल्व्हेनियात त्याने स्वतःची कार्यशाळा उभारली आणि तो विसाव्या शतकातला एक थोर लाकूडकारागीर म्हणून ओळखला गेला. १९६० च्या दशकात तो पुन्हा भारतात आला आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी त्याने फर्निचरची रचना केली.

अशा गोष्टी वाचल्या की आपण चटकन म्हणतो, पाहा, खऱ्या कारागिराला साधन लागत नाही! पण हे म्हणणे फार सोयीचे आहे. छावणीत तो शिकला हे खरे. पण सुटल्यावर पहिली संधी मिळताच त्याने कार्यशाळा बांधली, हेही तितकेच खरे. माणूस वाकड्या अंगणातही नाचून दाखवतो. म्हणून जन्मभर त्याने तिथेच नाचावे का?

हा प्रश्न कोणाला खरा कळायला हवा, तर आपल्या घरच्या बायकांना. आपल्या आज्या-पणज्यांचा सारा स्वयंपाक जमिनीवर होता. चुलीपुढे बसायचे, विळीवर वाकायचे, पाट्यावर वाटायचे. त्यात कौशल्य होते, सवय होती आणि गुडघेदुखीही होती. मग ओटा आला. आज घरातला ओटा बांधताना गृहिणीची उंची विचारतात. कोपर कुठे येते ते पाहतात. इंच-दोन इंचांचा फरक पडला तर पाठ दुखते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. सुताराच्या बाकाचे गणितही असेच आहे. सरळ उभे राहून हात सैल सोडावेत. तळवा जिथे सहज टेकेल, ती रंधा मारण्याच्या बाकाची उंची. बारीक, नाजूक काम करायचे तर बाक त्याहून थोडा वर, कोपराच्या जवळ हवा.

आणि आता गंमत पाहा. आपल्या ओट्याखालचे कप्पे बसवायला जो मिस्त्री येतो, तो आपल्या उंचीचे माप घेतो आणि मग खाली फरशीवर उकिडवा बसून ते कप्पे कापतो. त्याचे माप कोणी घेत नाही.

पूर्वी निदान हत्यारे हाताची होती. आता बरेच मिस्त्री प्लायच्या शीटला खाच पाडून खालून विजेचा कटर उलटा बसवतात. फिरते पाते वर डोके काढून उभे असते. त्याच्यावर पुष्कळदा आच्छादन नसते आणि खालच्या घोड्या कच्च्या असतात. बाक डुगडुगला तर इथे फळी वाकडी कापली जाण्यावर भागत नाही, बोट जाते. ज्याची दहा बोटे हेच भांडवल, त्याच्यासाठी बाकाचा भक्कमपणा ही हौस राहत नाही.

दुपारच्या चहाच्या वेळी मिस्त्रीला कधी सहज विचारावे, ''पुढे काय करायचं मनात आहे?'' मुंबई-पुण्याच्या घरांतून काम करणाऱ्यांपैकी कितीतरी जण राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेले असतात. उत्तर बहुधा एका शब्दात येईल: गाळा. स्वतःचा गाळा. त्यात भिंतीला टेकून एक भक्कम बाक, आपल्या कमरेला येईल एवढा. एकदा बसवला की हलवायला नको असा वाइस. कुलूप लागेल असा एक खण. आणि सर्वांत मोठी चैन म्हणजे आज संध्याकाळी काम जिथे सोडले, तिथेच ते उद्या सकाळी असेल. काकांच्या वहीतला बाक आणि मिस्त्रीच्या मनातला बाक चित्रात जवळजवळ सारखेच दिसतील. फरक एवढाच की काकांचा बाक झाला नाही तर एक हौस राहून जाते आणि मिस्त्रीचा झाला नाही तर पन्नाशीतच गुडघे आणि कंबर जाब विचारू लागतात.

गाळा घेऊन देणे कोणाच्याही हातात नाही. पण काम चालू असेपर्यंत आपल्या घरात त्याचे अंगण थोडे सरळ करणे अवघड नाही. उजेडाची खोली द्यावी. पंखा लावू द्यावा. पहिला अर्धा दिवस घोड्या ठोकण्यात गेला तर घड्याळाकडे पाहू नये. उलट ''जरा उंच करा, वाकावं लागणार नाही,'' असे आपणच म्हणावे. घोड्यांना एक आडवी पट्टी जास्त लागली तर तिचा हिशोब करू नये. त्या अर्ध्या दिवसाची भरपाई दारांच्या सरळ फटींतून होते.

मग दहा-पंधरा दिवसांत कपाट उभे राहते. शेवटच्या दिवशी मिस्त्री कटर सोडवतो, घोड्या मोडतो, पट्ट्या वेगळ्या करतो. ज्या शीटवर सारे काम झाले, तीही वाया घालवायची नसते. शेवटी प्लाय मालकाचे. खाच पडलेला भाग कापून टाकून उरलेली शीट तो कपाटाच्या पाठीला लावतो. तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा असतात, फेव्हिकॉलचे ओघळ असतात, पात्याचे ओरखडे असतात. ती बाजू भिंतीकडे जाते. कोणाला दिसत नाही.

मिस्त्री पिशवी खांद्याला लावतो, पैसे मोजून घेतो आणि पुढच्या घराकडे निघतो. तिथे पोहोचल्यावर तो पुन्हा पिशवी भिंतीशी ठेवील, उजेड कुठून येतो ते पाहील आणि विचारील, ''भाभी, ही सेटी जरा सरकवू का?''