तिसरी पायरी

पस्तीस वर्षे शिक्षकी केल्यावर माणूस निवृत्त होतो, म्हणजे नेमके काय होते, हे मला किन्हीराजाला परत आल्यावर कळले. सकाळी घंटा ऐकू येत नाही आणि समोरच्या लांबलचक दिवसाचे काय करावे, ते सुचत नाही.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही उभयतांनी सात गावे पाहिली आणि सातही गावांत भाड्याच्या खोल्यांत संसार केला. मालेगाव तालुक्यातील या आमच्या गावी आजोबांनी बांधलेले तीन खणांचे घर मात्र इतकी वर्षे कुलूप लावून उभे होते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आमचे घर त्याहून कितीतरी जुने. दगडी जोते, त्यावर दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि वर कवेलू, असा त्याचा थाट.

कुलूप काढले त्या दिवशी त्या थाटातले फारसे काही उरले नव्हते. भिंतींना कमरेइतकी ओल चढली होती. एका कोपऱ्यातील कवेलू सरकून आकाश दिसत होते. अंगणात तरोटा माजला होता. ओसरीला एकच पायरी होती. माझ्या आठवणीप्रमाणे तीन होत्या. सर्वांत खालच्या, तिसऱ्या पायरीवर बसून मी पाढे म्हणत असे. लहानपणी सगळेच मोठे दिसते, अशी मी मनाची समजूत घातली.

पुण्याहून मुलाचा फोन आला. “बाबा, ते घर खचले आहे. पाडून टाका. स्लॅबचे नवे बांधू; पैशांची काळजी करू नका.” मलाही ते पटले. पण पत्नी म्हणाली, “अहो, सात घरांत साधा खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावे लागले. हे घर आपले आहे. पाडायच्या आधी एकदा झाडून तरी पाहू.”

झाडण्याचे निमित्त झाले आणि आम्ही दोघेही कामात गुंतून गेलो. ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावरचे किती निबंध मी आयुष्यात तपासले असतील, त्याची गणती नाही. त्यांतील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी न कंटाळता दुरुस्त केल्या. पण माझ्या स्वतःच्या तळहाताला कधी फोड आला नव्हता. तो कुदळ धरल्याच्या तिसऱ्या दिवशी आला. पत्नी शेतकऱ्याची मुलगी. ती हसून म्हणाली, “कुदळ खडूसारखी धरू नका हो, मूठ आवळून धरा!”

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही एक मोठी चूक केली. ओल दिसू नये म्हणून मागील भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. भिंत कशी गुळगुळीत आणि देखणी दिसू लागली! मी दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवीत होतो. पुढे पावसाळा आला आणि भाद्रपदात एका रात्री त्या गिलाव्याचा मोठा पोपडा धाडकन खाली आला. आतील माती पिळून काढावी इतकी ओली होती. सुदैवाने तेथे कोणी निजले नव्हते. कंदिलाच्या उजेडात आम्ही ते ढिगाऱ्याकडे पाहत बराच वेळ बसून राहिलो. “उद्या मुलाला फोन करतो. पाडू या,” मी म्हणालो. पत्नी काहीच बोलली नाही. आणि तिचे ते न बोलणे मला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे एक वृद्ध गवंडी सहज डोकावले. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, “भितीले बी घाम येते, गुरुजी. तुमी तिले मेणकापड घातलं. मंग घाम जाईन कोठी?”

मातीच्या भिंतीत शिरलेली ओल हळूहळू हवेत उडून जाते. सिमेंटने तिची वाट अडते, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. मग मी विचारले, “पण बुवा, ही ओल मुळात येते कोठून?” त्यांनी जोत्याकडे बोट दाखविले. “खंदून पाहा.”

दिवाळी झाल्यावर आम्ही जोत्याकडेने खणावयास लागलो. वर तरोट्याची मुळे, त्याखाली विटांचे तुकडे, फुटक्या बांगड्या, कोणा मुलाची पाटीवरची पेन्सिल, असे थरावर थर निघाले. चौथ्या दिवशी कुदळ दगडावर खणकन वाजली. हातांनी माती सारली, तो दुसरी पायरी! त्यापुढे दोन दिवसांनी तिसरी निघाली. तिचा एक कोपरा झिजलेला होता, अगदी माझ्या आठवणीत होता तसाच.

मी तेथेच मातीत बसलो. घर खचले नव्हते. अंगण चढले होते. दर डागडुजीला समोरचा रस्ता थोडा उंच झाला, वरची माती पावसाबरोबर आत आली, कडुनिंबाचा पाला कुजला, कोणी राबीट टाकले. आमची सात गावे पाहून होईतो अंगण हातभर वर आले होते. पावसाचे पाणी वाहून न जाता जोत्याशी साठे आणि भिंत ते पीत राही. दोष आमच्या दुर्लक्षाचा होता आणि ठपका आम्ही आजोबांच्या बांधकामावर ठेवीत होतो.

मग होळीपर्यंत रोज सकाळी चाळीस घमेली माती उपसण्याचा आम्ही नेम केला. मी भरावे, तिने न्यावे. मग तिने भरावे, मी न्यावे. जोत्याभोवती उताराचा चर खणून त्यात दगड भरले आणि पाणी परसातील केळींकडे वळविले.

भिंतीसाठी माती निवडतानाही एक धडा मिळाला. आपल्या भाषेत शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. ती कापसाला चांगली, भिंतीला नव्हे. म्हणून आम्ही पडलेल्या भिंतीचीच पांढरी माती चाळून घेतली, तीत गव्हांडा व शेण मिसळले, पायांनी तुडवून ती आठ दिवस मुरत ठेवली आणि तिने भिंत लिंपली. वरून विरवलेल्या कळीच्या चुन्याचा हात दिला. चुना मोठा गमतीचा पदार्थ आहे. भट्टीत चुनखडीतून निघून गेलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू तो भिंतीवर बसून हवेतून परत घेतो आणि पुन्हा दगड होतो.

अशा वेळी मला सेवाग्राम आठवे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील कुट्या जवळपास मिळणाऱ्या माती, लाकूड व बांबूच्या आहेत. विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे अनेकदा गेलो आणि त्यांच्याकडून हे सन पाठ करून घेतले. त्या मातीच्या भिंती इतकी वर्षे उभ्या राहाव्यात म्हणून कोणाचे तरी हात सतत त्यांची निगा राखत असतात, हे मात्र मुलांना दाखवावयाचे राहून गेले. कारण ते मीच पाहिले नव्हते.

सर्व काही आम्हीच केले, असा आव मी आणणार नाही. किडलेली मयाल सुताराने बदलली आणि कवेलू फेरताना माझे काम शिडी धरण्याचे होते. प्रत्येक जुने घर राखावेच, असेही माझे म्हणणे नाही. ज्याचा पायाच गेला ते उतरविण्यातच शहाणपण. पण पाया गेला की नुसता झाकला गेला, हे खणल्यावाचून कळत नाही.

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या रात्री आम्ही दोघांनी प्रत्येक भिंतीवर हात फिरवून पाहिला. भिंती कोरड्या होत्या. सकाळी पत्नीने ओसरीच्या खांबाला खिळा ठोकला आणि त्यावर दिनदर्शिका टांगली. तिने कोणालाही विचारले नाही.

दिवाळीला मुलगा आला. नातू ओसरीवरून “एक, दोन, तीन” म्हणत उड्या मारू लागला. मुलगा त्या पायऱ्यांकडे पाहतच राहिला. “बाबा, या कधी बांधल्यात?”

“बांधल्या नाहीत रे,” मी म्हणालो, “होत्याच.”

या वर्षीही मृगापूर्वी चर साफ करावयाचा आहे. मुलाने चार दिवसांची रजा काढून येतो, असे कळविले आहे. त्याच्यासाठी मी कुदळीला नवा दांडा बसवून ठेवला आहे.