तिन्हीसांजेचा फोटो

छायाचित्रकार ज्या घटकेला हल्ली 'गोल्डन अवर' म्हणतात, तिला आपल्याकडे पूर्वीपासून पुष्कळ नावे आहेत. तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण, गोरज. यांतले 'गोरज' मुहूर्ताच्या निमित्ताने शुभ ठरले खरे, पण बाकीच्या नावांत कुठेतरी धास्ती आहे. या वेळी झोपू नये, केर काढू नये आणि लहान मुलांना घराबाहेर ठेवू नये, असा दंडक. कॅमेऱ्याला जी घटका सर्वांत प्रिय, नेमक्या त्याच घटकेला आजी मुलांना घरात ओढून हातपाय धुवायला लावी आणि देवापुढे बसवी.

हा विरोध माझ्या ध्यानात आला तो दिवाळीनंतर आमच्या घरी कौटुंबिक फोटोंचा बेत ठरला तेव्हा. नणंद पुण्याहून आली होती, दीर सुरतेहून, आणि आम्ही धुळ्याहून जळगावला. स्थळ मेहरूण तलावाचा काठ, वेळ सायंकाळी पाचची. नोव्हेंबरच्या मध्यात आमच्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे फोटोग्राफरचा हिशेब चोख होता. मुलांच्या तयारीचे काम माझ्याकडे आले. मी शिकवते, म्हणून मला मुले कळतात अशी घरच्यांची समजूत आहे. पदवीच्या वर्गाला भाषाविज्ञान शिकवण्याचा आणि तीन वर्षांच्या भाचीला मोजे घालण्याचा काय संबंध, हे मला अजून उमगलेले नाही. असो.

तयारी म्हणजे आधी कपडे, असे मोठ्यांना वाटते. फोटोग्राफरने फिकट रंग सुचवले होते, तेही योग्यच. गडद भरजरी कपड्यांत मुलांचे चेहरे हरवतात. पण मुलाला रंग कळण्याआधी टोचणे कळते. भाचीच्या नव्या परकर-पोलक्याची जर गळ्याशी लागत होती. ते पोलके मी आतून मऊ सुती पट्टी लावून घेतले आणि आदल्या दिवशी तासभर तिला घालून घरभर हिंडू दिले. खाणे निघण्यापूर्वी आटोपायचे, आणि बरोबर घ्यायचे ते कोरडे. जळगावात राहून केळे वर्ज्य करणे हा एक प्रकारचा द्रोहच, पण फिकट कपड्यांवर केळे कुस्करले की काळपट पडणारा डाग पुढे कशानेही जात नाही, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. म्हणून डब्यात मुरमुरे. तळ्याकाठी डास, म्हणून हातापायांना मलम.

याहून अवघड तयारी निराळीच होती. मुलांना काय सांगायचे? 'शहाण्यासारखे उभे राहा, मग चॉकलेट मिळेल' हा राजमार्ग. पण माझा पाच वर्षांचा मुलगा मोबाइल समोर धरला की दात विचकून जे हसतो, ते हसू त्याचे नव्हेच. आम्ही शिकवलेले आहे. म्हणून या वेळी हसण्याची तालीम घेतली नाही. खरे तेवढे सांगितले: एक अनोळखी काका येतील, त्यांच्याजवळ मोठा काळा कॅमेरा असेल, आजोबांजवळ थोडा वेळ बसायचे, कंटाळा आला तर मला सांगायचे, आणि नंतर पाण्यात खडे टाकायचे. 'किती खडे?' एवढीच त्याची शंका होती. दहावर तडजोड झाली.

मुलाला फोटोसाठी स्थिर ठेवण्याची ही खटपट जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात एका छायाचित्राला काही सेकंद लागत, तेवढा वेळ मूल हलू नये म्हणून युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंत आईच अंगावरून कापड ओढून खुर्चीसारखी मागे बसे आणि मुलाला घट्ट धरून ठेवी. अशी कितीतरी छायाचित्रे आज संग्रहात आहेत. त्यांत मूल दिसते, आणि आई म्हणजे पडद्याचा एक विचित्र उंचवटा! आमच्या जिल्ह्याचे थोर छायाचित्रकार केकी मूस यांनी वेगळीच वाट धरली. चाळीसगावच्या घरात स्वतःला कोंडून घेतलेला हा कलावंत टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश हवा तसा वळवून खोलीतच निसर्गदृश्ये उभी करी. १९८९ मध्ये ते गेले. त्यांच्या त्या 'टेबलटॉप' चित्रांतली शांतता मला फार आवडते. पण टेबलावरच्या वस्तूंना झोप येत नाही, त्यांना शू लागत नाही. प्रकाशाची वाट पाहायला त्यांची हरकत नसते.

आमच्याकडे हरकत असलेली आणखी एक व्यक्ती होती. खरे तर हा सगळा घाट तिच्यासाठीच होता. सासऱ्यांना दोन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. नातवंडांची नावे त्यांच्या हातून सुटत चालली आहेत, आणि 'या वर्षी फोटो काढूनच घेऊ' या नणंदेच्या वाक्याचा अर्थ घरात कुणीही उलगडून विचारला नव्हता. या आजाराच्या कित्येक रुग्णांना दिवस कलला की अस्वस्थता येते. वैद्यकात तिला 'सनडाउनिंग' असे नावच आहे. मामंजी साडेपाचनंतर उठबस करतात, 'घरी जायचं' म्हणतात, घरात असूनही. आणि भाची? तीही त्याच वेळी किरकिरते. त्या दोघांमध्ये सत्त्याहत्तर वर्षांचे अंतर, पण संध्याकाळ दोघांना सारखीच झोंबते.

सासूबाई धुळ्याकडच्या, अस्सल अहिराणी. बेत ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "दिवा लागाना येळले पोरेसले बाहेर काढतस का?" त्यांच्या मनात दृष्टीची भीती असणार. ती मला मान्य नाही. पण त्यांचे निरीक्षण मान्य करावेच लागले. दिवसभराच्या दगदगीने शिणलेले मूल आणि उजेड कमी झाला की बावरणारा म्हातारा माणूस, या दोघांना त्या वेळी ओळखीच्या भिंती लागतात. तो दंडक घालणाऱ्या कुणा बाईने हे पाहिलेले असणार, कारण मात्र तिने तिच्या काळातले दिले.

आम्ही वेळ चारची केली. मुले एकला झोपवली, तीनला उठवली. फोटोग्राफर नाराज झाला. 'मॅडम, लाइट हार्ड येईल' असे त्याने दोनदा बजावले, आणि ते खरेही होते. तरी झाडांच्या सावलीत त्याने निगुतीने काम केले. मामंजी खुर्चीवर शांत बसले. भाची त्यांच्या सदऱ्याचे बटण फिरवत राहिली, आणि मुलाने 'आता खडे?' असे विचारले त्या क्षणी सगळे त्याच्याकडे वळून हसले. तोच फोटो आम्ही मोठा करून घेतला. त्यात मामंजींच्या कपाळावर उन्हाचा एक पांढरा कवडसा पडला आहे. फोटोग्राफरला तो काढून टाकायचा होता, आम्ही राहू दिला.

पाचला आम्ही परतीच्या वाटेवर होतो. खडे मात्र दहा नव्हे, सतरा टाकले गेले. अखेरचे तीन मामंजींनी.