जस्ताचा कण

आमच्या दिवाणखान्यात वडिलांच्या वेळचे एक बिदरी पानदान आहे. त्याच्या काळ्याभोर अंगावरील चांदीची वेल पाहून पाहुणे चांदीचेच कौतुक करतात. ज्या जस्ताचे ते मुख्यतः ओतलेले आहे, त्याचे नाव कोणी काढीत नाही. बिदरची ही कारागिरी आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अजून टिकून आहे. तरीही जस्ताची खरी महती आम्हांस कळली ती रक्ततपासणीच्या एका कागदावरून.

गेल्या पावसाळ्यात मातोश्रींचे रक्त तपासून घेतले. सायंकाळी हाती आलेला अहवाल वाचून आमचे पाय लटपटले. पोटॅशियम भलतेच वाढलेले, कॅल्शियम जवळजवळ नाहीसे झालेले आणि अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे प्रथिन अगदी तळाला गेलेले! मातोश्री मात्र ओसरीवर निवांतपणे तांदूळ निवडीत होत्या. त्यांना तशाच रिक्षात बसवून आम्ही डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी नाडी पाहिली, हृदयाचा आलेख काढला. तो निर्दोष निघाला. मग कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, ''हे आकडे तुमच्या मातोश्रींचे नव्हेत, जांभळ्या टोपणाच्या नळीचे आहेत.''

त्यांनी सांगितलेला उलगडा असा. रक्तपेशी मोजावयाच्या तर रक्त गोठता कामा नये. म्हणून त्या नळीत ईडीटीए या द्रव्याचा पोटॅशियम-क्षार असतो. खेकड्याने नांगीत भक्ष्य धरावे, तसे हे द्रव्य धातूच्या कणाला सहा ठिकाणी धरून आवळते. कॅल्शियम असे अडकले की रक्त गोठत नाही. त्या नळीतील थोडे रक्त कोणाच्या तरी हातून दुसऱ्या नळीत गेले असावे. तेथे क्षारातले पोटॅशियम वाढले, कॅल्शियम बांधले गेले आणि फॉस्फटेजच्या गाभ्यातील जस्तही नांगीत सापडले. जस्तावरची ही पकड तर कॅल्शियमपेक्षा काही लाख पट घट्ट! फॉस्फटेज किती आहे, हे त्याने केलेल्या कामावरून मोजतात. प्रथिन जागच्या जागी होते. परंतु जस्त गेल्यामुळे त्याचे काम थांबले, आणि कागदाने ते नाहीच असे सांगितले.

सर्वच प्रथिने अशी चटकन लुटली जात नाहीत. तांबड्या पेशींत कार्बन डायॉक्साइडची वाहतूक सुकर करणारे कार्बॉनिक अॅनहायड्रेज हे प्रथिन घ्या. त्यात जस्त असल्याचे केंब्रिजच्या कीलिन व मान यांनी १९३९ साली दाखविले. त्याचा जस्ताचा कण इतका खोल बसलेला असतो की ईडीटीएला तो फार सावकाश निघतो. तो काढला तर प्रथिन निकामी होते, परत दिला तर पुन्हा कामाला लागते. म्हणून प्रयोगशाळेत एखादे प्रथिन स्वस्थ बसलेले दिसले, तर ते मुळातच निरुपयोगी, की आपणच ओतलेल्या द्रव्याने त्याचे जस्त नेले, हे आधी पाहावे लागते.

दुसऱ्या दिवशी रक्त पुन्हा घेतले. सारे आकडे जेथल्या तेथे होते. तो कागद आम्ही मोठ्या आनंदाने मातोश्रींपुढे धरला. त्यांनी सुपातून मान वर न करताच म्हटले, ''अरे, कागदाला विचारण्याआधी मला विचारायचेस!''

यावर आम्ही काय बोलणार? मुकाट्याने पानदान पुसावयास घेतले.