कुलूप, गोळी की वही?

वृद्धाश्रमात ‘त्रास देणारे’ म्हणून ओळखले जाणारे आजी-आजोबा अनेकदा त्रास देत नसतात, त्यांना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना तो आहे. त्यांना सांभाळणाऱ्या मावशी-मामांना मात्र कुणी काही शिकवत नाही. आणि विचारत तर त्याहून नाही.

आमच्या भागातल्या एका आश्रमातलं सांगतो. एसटीतून निवृत्त झालेले एक आजोबा. रोज संध्याकाळी फाटकाशी उभे. “उघडा, गाडी सुटेल!” मग ओढाओढी, शिव्या. कुणी म्हणे कोंडा, कुणी म्हणे झोपेची गोळी द्या. तिथे येणाऱ्या एका निवृत्त सिस्टरनी दोन्हीला नकार दिला आणि भिंतीला एक वही टांगली. तीन रकाने: आधी काय झालं, आजोबांनी काय केलं, मग आपण काय केलं. दर शनिवारी चहाबरोबर अर्धा तास ती वही सगळ्यांनी मिळून वाचायची.

दुसऱ्याच शनिवारी स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, “अहो, आमची ड्युटी सुटते तेव्हाच हे उठतात. आम्ही पिशव्या घेऊन निघालो की यांना वाटतं, आपणही निघायचं.”

आता मावशी मागच्या दाराने जातात. त्या वेळी आजोबांसमोर चहा आणि मोजायला सुट्टे पैसे. ओरडणं अजून होतं, पण रोज नाही.

अंघोळीला मारणाऱ्या आजी डोक्यावर एकदम पाणी पडलं की घाबरायच्या. आता तांब्या त्यांच्याच हातात असतो. दुसऱ्या एका आजी दोन दिवसांत अचानक बरळायला लागल्या, तो प्रश्न मात्र डॉक्टरांनी सोडवला. लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. माणूस असा एकाएकी बदलला तर ‘वय झालं’ म्हणून सोडायचं नाही, हे आता तिथला वॉचमनही सांगतो.

वहीला खर्च नाही. खर्च आहे त्या अर्ध्या तासाचा. तीस जणांमागे दोनच मावशी असतील तर तो काढायचा कुठून? आणि पगार परवडत नाही म्हणून शिकलेली मावशी सोडून गेली, की पुन्हा कुलूप आणि गोळी.

म्हणून विश्वस्तांना आणि देणगीदारांना हात जोडून विनंती. वाढदिवसाला जिलेबी जरूर वाटा, पण यंदा सोबत एका जादा मावशीचा महिन्याचा पगार द्या. बातमी मी लावतो. फोटो मावशींचा.