मांडव कुणाचा, शब्द कुणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या सिद्धेश्वरच्या विहारात बैठक होती. विषय एकच: तालुक्याची धम्म परिषद यंदा कुठं घ्यायची? तीन गावांची मागणी होती. दोन गावांनी आपापल्या लोकवर्गणीचा आकडा सांगितला. तिसऱ्या गावाकडून एका कंत्राटदाराचा निरोप आला. मांडव, साऊंड, दोन दिवसांचं जेवण, सगळं त्याच्याकडून. अटी दोनच: त्याच्या साहेबांना व्यासपीठावर मधली खुर्ची द्यायची आणि गायरानाचा ठराव या वेळी घ्यायचा नाही.

मी हात वर केला, तो तिसऱ्या गावासाठी. दरवर्षी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरून थकलो होतो. ठराव काय, पुढच्या वर्षी घेऊ, असं मनाला समजावलं. तेव्हा मागं बसलेली, तीस वर्षं गायरान कसणारी एक आजी म्हणाली, "बाळा, जेवण तर घरी बी मिळतंय. आम्ही ठरावासाठी येतो." बैठक निर्णयाविना उठली. माझा हात मात्र मला अजून बोचतोय.

परिषद कुठं भरवायची याला आपण व्यवस्थेचा प्रश्न समजतो. तो राजकारणाचा प्रश्न आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जाहीर करणारं पक्षाचं अधिवेशन आपल्याकडं व्हावं म्हणून शहरं चढाओढ करतात. 2024 च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनासाठी शिकागो, न्यूयॉर्क आणि अटलांटा स्पर्धेत होती. मान शिकागोला मिळाला. यजमान समितीच्या तिजोरीत मोठा पैसा कंपन्या आणि धनिकांकडून येतो. एवढा पैसा ओतणारा माणूस फक्त पाहुणचाराचं पुण्य घेऊन घरी जात नसतो.

आपल्या देशातही हे नवं नाही. 1907 चं काँग्रेस अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. तिथं जहालांचा जोर दिसताच मवाळांनी ते सुरतेला नेलं. यजमान प्रांताचा माणूस अध्यक्ष करायचा नाही, अशी प्रथा होती. सुरत मुंबई प्रांतात, म्हणून टिळकांची वाट आपोआप बंद. जागा बदलली की खुर्ची बदलते, ती अशी.

त्याआधी 1895 ला पुण्यात काँग्रेसच्याच मांडवात सामाजिक परिषद भरवायला विरोध झाला. मांडव जाळण्याची धमकी दिली गेली आणि रानडेंना परिषद दुसरीकडं न्यावी लागली. राजकीय सुधारणेला मांडव होता, सामाजिक सुधारणेला नव्हता. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात हीच गोष्ट नोंदवली आहे.

त्या भाषणाचं काय झालं हेही आपल्याला माहीत आहे. 1936 च्या परिषदेसाठी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण वाचल्यावर त्यातला काही भाग गाळा, असा आग्रह धरला. बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते. यजमानांनी परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी भाषण स्वतः छापून लोकांपर्यंत नेलं. व्यासपीठ गेलं, शब्द राहिला. मी त्या बैठकीत नेमका उलटा सौदा करायला निघालो होतो.

आणि महाड? मार्च 1927 च्या परिषदेत चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. डिसेंबरच्या परिषदेला सवर्ण हिंदूंनी जागा दिली नाही; फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थानं आपली जमीन दिली. मनुस्मृती जाळली गेली ती तिथं. फत्तेखानांनी ठराव गाळा म्हटलं नाही. देणारा कुणी असो, तो जागा देतो की शब्द विकत घेतो, एवढंच बघायचं असतं.

म्हणून येत्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, ठरावांची यादी आधी पक्की करायची, जागा नंतर. दोन, एका माणसाकडून किंवा पक्षाकडून किती मदत घ्यायची याची मर्यादा ठरवायची आणि हिशेब मांडवाच्या दारात लावायचा. तीन, ज्या गावात आपल्या माणसांचा प्रश्न पेटलेला आहे, पण खर्चाची ताकद नाही, त्या गावाला पहिला मान. बाकीच्या गावांनी दाणा-पाणी न्यायचं.

काहीजण म्हणतील, अशानं मांडव छोटा होईल. होऊ द्या. आमचं गाव पूर्णेच्या धरणाचं. धरण उशाशी आणि कोरड घशाशी म्हणजे काय, ते आम्हाला कुणी शिकवायला नको. हजार माणसांचा मांडव आणि त्यात गायरानाचा शब्द नाही, ही तीच कोरड आहे.

त्या आजीची माफी मी अजून मागितलेली नाही. येत्या बैठकीत तिच्या शेजारी बसून हात वर करीन, मग मागीन.

जय भीम!